पेटंट कायद्यातील 'पूर्वप्रकटन' : 'डेल विरुद्ध ॲक्सेलेरॉन' अपिलाचे विवेचन

प्रस्तावना :

एखादा शोध नवा आहे की नाही, हे ठरविणे वरवर पाहता सोपे वाटते. जुनी कागदपत्रे काढावीत, त्यांत ती वस्तू आढळते का ते पाहावे आणि आढळल्यास पेटंट रद्द करावे, अशी सर्वसाधारण समजूत असते. प्रत्यक्षात या प्रश्नाचे दोन भाग पडतात. जुन्या दस्तऐवजात ती वस्तू आहे का, हा पहिला भाग तंत्रज्ञानाचा होय. ती तेथे आहे हे कोणी, केव्हा आणि दुसऱ्या पक्षाला उत्तराची संधी ठेवून दाखवून दिले का, हा दुसरा भाग न्यायप्रक्रियेचा होय. पहिल्या भागाची चर्चा विज्ञान व अभियांत्रिकीच्या वर्गांत होते. दुसरा भाग मात्र बहुधा वकिलांवर सोपविला जातो. संगणकाच्या सुट्या, अदलाबदल करता येणाऱ्या घटकांविषयीच्या एका अमेरिकन पेटंटवरून डेल ही संगणक कंपनी व ॲक्सेलेरॉन ही पेटंटधारक कंपनी यांच्यात झालेल्या वादात हे दोन्ही भाग एकमेकांत गुंतले. त्यावर अमेरिकेच्या फेडरल सर्किट अपील न्यायालयाने २०१६ व २०१८ अशा दोन वेळा निर्णय दिला. दोन्ही निर्णयांच्या केंद्रस्थानी अवघ्या एका ओळीचा एक क्लेम होता.

वादाची तांत्रिक पार्श्वभूमी :

संगणक सुट्या भागांतून रचण्याची कल्पना जुनी आहे. १९७५ साली बाजारात आलेल्या 'अल्टेअर ८८००' या यंत्रात प्रोसेसर, स्मृती आणि इतर कामांसाठी वेगवेगळी कार्डे एका सामाईक जोडपट्टीवर खोचली जात. इंटरनेटच्या प्रसारानंतर एकाच जागी शेकडो सर्व्हर ठेवण्याची गरज निर्माण झाली, तेव्हा या जुन्या कल्पनेला नवे रूप मिळाले. त्या काळातील रॅकमध्ये बसणारा सर्वांत पातळ सर्व्हर '१ यू' म्हणजे पावणेदोन इंच उंचीचा असे. प्रमाणित रॅक ४२ यू उंचीचा असल्याने एका रॅकमध्ये फार तर ४२ यंत्रे मावत. प्रत्येक यंत्राला स्वतःचा वीजपुरवठा, स्वतःचे पंखे आणि स्वतःच्या तारा असत. यातील जागेचा व विजेचा अपव्यय उघड होता.

यावर निघालेला उपाय म्हणजे 'ब्लेड सर्व्हर'. प्रोसेसर, स्मृती व हार्ड डिस्क एवढेच घटक असलेला पातळ फलक हे एक ब्लेड. असे अनेक ब्लेड एका चॅसिसमध्ये उभे सरकवून बसवावयाचे आणि मागच्या बाजूस 'बॅकप्लेन' नावाच्या जोडफलकाद्वारे त्यांना वीज व जाळ्याची जोडणी सामाईकपणे पुरवायची. ह्यूस्टन येथील आरएलएक्स टेक्नॉलॉजीज या कंपनीने २००१ साली आणलेल्या यंत्रणेत केवळ ३ यू उंचीच्या चॅसिसमध्ये २४ ब्लेड बसत. म्हणजे एका रॅकमध्ये ३३६. यात 'हॉट स्वॅप' ही सोय महत्त्वाची होती. यंत्रणा चालू असतानाच बिघडलेला भाग ओढून काढता येई व त्या जागी नवा बसविता येई. बाकीच्यांचे काम थांबत नसे.

मात्र इतकी यंत्रे दाटीवाटीने बसविली की उष्णतेचा प्रश्न उभा राहतो. सर्व्हरगृहात थंड हवा रॅकच्या समोरून आत घ्यायची आणि तापलेली हवा मागून बाहेर काढायची, अशी पद्धत रूढ आहे. त्यामुळे चॅसिसमधील प्रत्येक भाग ज्या धारकात बसतो, त्या धारकाने हवेची वाट अडवून चालत नाही. वादग्रस्त क्लेमचा संबंध नेमका या गोष्टीशी होता.

पेटंट आणि त्याचा तिसरा क्लेम :

अमेरिकन पेटंट क्रमांक ६९,४८,०२१ हे २००५ साली मंजूर झाले. हॉट स्वॅप करता येणारे प्रोसेसर मॉड्यूल, वीज मॉड्यूल आणि इथरनेट स्विच मॉड्यूल बॅकप्लेनने जोडलेली यंत्रणा, असा त्याचा सर्वसाधारण विषय होता. पुढे ते ॲक्सेलेरॉनकडे आले. ही कंपनी स्वतः सर्व्हर बनवीत नव्हती. पेटंट धारण करणे आणि त्यांच्या आधारे परवाना-शुल्क मिळविणे हा तिचा व्यवसाय होता. २००७ मध्ये तिने ह्यूलेट-पॅकार्डला पत्र पाठवून सदर पेटंट ब्लेड सर्व्हरशी संबंधित असल्याचे कळविले. पत्रात दाव्याची उघड धमकी नव्हती. तरीही ह्यूलेट-पॅकार्डने स्वतःहून न्यायालयात धाव घेतली. अशा पत्रामुळे वाद निर्माण झाला असे मानता येते, असे फेडरल सर्किटने डिसेंबर २००९ मध्ये ठरविले. पेटंटधारकाची सौम्य भाषा न्यायालयाने शब्दशः स्वीकारली नाही, ही गोष्ट त्या काळच्या पेटंट व्यवहारावर प्रकाश टाकणारी आहे.

पेटंटमध्ये शोधाचे वर्णन कितीही विस्तृत असले, तरी कायद्याने संरक्षण मिळते ते अखेरीस दिलेल्या क्रमांकित वाक्यांना. या वाक्यांना क्लेम म्हणतात. शेताच्या सातबाऱ्यावर जशी चतुःसीमा, तसा पेटंटमध्ये क्लेम. प्रत्येक क्लेम स्वतंत्रपणे तपासला जातो. एक रद्द झाला म्हणून दुसरा आपोआप रद्द होत नाही. प्रस्तुत पेटंटच्या तिसऱ्या क्लेमने आधीच्या क्लेममधील यंत्रणेत एका घटकाची भर घातली होती : चॅसिसमध्ये समोरून मागे हवा वाहू देणाऱ्या 'कॅडी' असतील. कॅडी म्हणजे एखादा भाग धरून ठेवणारा वाहक किंवा धारक. सगळा वाद या एका शब्दाभोवती फिरला.

पूर्वप्रकटनाची कसोटी :

अर्जाच्या तारखेपूर्वी उपलब्ध असलेल्या ज्ञानाला पेटंट कायद्याच्या परिभाषेत पूर्वज्ञान म्हणता येईल. पूर्वज्ञानाच्या आधारे पेटंटवर दोन प्रकारे हल्ला होतो. जुने दोन-तीन दस्तऐवज एकत्र वाचल्यास हा शोध त्या क्षेत्रातील सामान्य जाणकाराला सहज सुचला असता, हा पहिला युक्तिवाद. संपूर्ण शोध एकाच जुन्या दस्तऐवजात आधीच सांगितलेला आहे, हा दुसरा. यालाच येथे 'पूर्वप्रकटन' म्हटले आहे.

दुसरी कसोटी अत्यंत काटेकोर आहे. क्लेममधील प्रत्येक घटक त्या एकाच दस्तऐवजात असला पाहिजे आणि त्यांची परस्पर रचनाही क्लेममध्ये सांगितल्याप्रमाणेच असली पाहिजे. घटक एकाच दस्तऐवजात परंतु वेगवेगळ्या रचनांमध्ये विखुरलेले असतील, तर तेवढ्याने भागत नाही, हे फेडरल सर्किटने २००८ च्या 'नेट मनीइन विरुद्ध व्हेरिसाइन' खटल्यात स्पष्ट केले. दहा घटकांपैकी नऊ सापडले आणि दहावा सापडला नाही, तर पूर्वप्रकटन सिद्ध होत नाही. याउलट तो घटक शब्दांत लिहिलेला असलाच पाहिजे असेही नाही. आकृतीत दिसत असला तरी पुरतो. आकृतीत दिसणारी एखादी पट्टी म्हणजे क्लेममधील कॅडी होय काय, असा प्रश्न त्यामुळे गंभीरपणे विचारला जाऊ शकतो.

डेलने पुढे केलेला एकमेव दस्तऐवज म्हणजे हिप यांचे पेटंट, क्रमांक ६७,५७,७४८. क्रिस्टोफर हिप हे ब्लेड सर्व्हरच्या जनकांपैकी एक व आरएलएक्सशी संबंधित. येथे तारखांचा प्रश्न लक्षात घेण्याजोगा आहे. हिप यांचे पेटंट मंजूर झाले २००४ मध्ये. ॲक्सेलेरॉनच्या पेटंटचा अर्ज तर २००१ मध्येच दाखल झाला होता. मग नंतर मंजूर झालेले पेटंट 'पूर्व'ज्ञान कसे ठरते? याचे उत्तर असे की हिप यांचा अर्ज आधी दाखल झाला होता. १९२६ च्या 'अलेक्झांडर मिलबर्न' खटल्यात न्यायमूर्ती होम्स यांनी घालून दिलेल्या तत्त्वानुसार, पेटंट कार्यालयाला अर्ज तपासण्यास वेळ लागला म्हणून आधीच्या अर्जदाराचे अग्रक्रमाचे स्थान हिरावले जात नाही. त्यामुळे आधी दाखल झालेल्या अर्जातील सर्व मजकूर, वर्णन व आकृत्यांसह, दाखल तारखेपासून पूर्वज्ञान मानला जातो.

भारतीय कायद्याची वाट येथे वेगळी होते, आणि ही बाब अध्यापकांनी आवर्जून ध्यानात घ्यावी अशी आहे. पेटंट अधिनियम, १९७० च्या कलम १३(१)(ब), २५(१)(क) व ६४(१)(अ) नुसार आधी दाखल पण नंतर प्रसिद्ध झालेला भारतीय अर्ज आड येतो तो केवळ त्यात 'क्लेम' केलेल्या गोष्टींपुरता. त्याच्या वर्णनात किंवा आकृतीत जे आहे पण क्लेममध्ये नाही, ते या कारणाखाली मोजले जात नाही. म्हणजे अशाच तारखांचे दोन अर्ज भारतात असते, तर पहिल्याच्या आकृतीतील एखादी पट्टी दुसऱ्याच्या मुळावर येण्याचा प्रश्नच या मार्गाने उद्भवला नसता.

तीन वेळा बदललेले बोट :

अमेरिकेत २०११ च्या सुधारणा कायद्याने पेटंट कार्यालयातच मंजूर पेटंटचे पुनर्विलोकन करण्याची सोय केली. सप्टेंबर २०१२ पासून ती अमलात आली. न्यायालयात पेटंट रद्द करण्यासाठी स्पष्ट व खात्रीलायक पुरावा लागतो. येथे मात्र शक्यतेचे पारडे जड असले तरी पुरते. त्यामुळे कंपन्यांनी या मार्गाचा सढळ वापर केला. त्याची किंमत म्हणून कायद्याने एक अट घातली : आक्षेपाचा आधार कोणता आणि त्याला पुष्टी देणारा पुरावा कोणता, हे अर्जातच प्रत्येक क्लेमसाठी नेमकेपणाने सांगितले पाहिजे.

डेलने २०१३ मध्ये असा अर्ज केला. तिसऱ्या क्लेमबाबत डेलचे म्हणणे होते की हिप यांच्या आकृतीतील, सांध्यावर फिरणारे दार म्हणजेच कॅडी. ॲक्सेलेरॉनने उत्तर दिले की दार हे दार आहे, वाहक नव्हे. त्यावरील प्रत्युत्तरात डेलने आकृतीतील दुसऱ्याच भागाकडे, म्हणजे वीजपुरवठा बसविण्याच्या यंत्रणेकडे, बोट दाखविले. लेखी कामकाज संपले. नंतर तोंडी सुनावणीत डेलकडून तिसरेच म्हणणे पुढे आले : वीजपुरवठ्याचे संच ज्या सरकपट्ट्यांवरून आत जातात, त्या पट्ट्या म्हणजे कॅडी.

पेटंट कार्यालयाच्या अपील मंडळाला हे तिसरे म्हणणे पटले. २०१४ च्या अंतिम निर्णयात मंडळाने सरकपट्ट्यांच्या आधारेच तिसरा क्लेम पूर्वप्रकटित ठरवून रद्द केला. ॲक्सेलेरॉनच्या दृष्टीने परिस्थिती चमत्कारिक होती. दार का चालत नाही याचे उत्तर तिने दिले होते. परंतु ज्या वस्तूमुळे ती हरली, त्या वस्तूविषयी पुरावा देण्याची वेळ केव्हाच निघून गेली होती. पट्ट्यांमधून हवा खरोखर समोरून मागे वाहते का, यावर एखाद्या अभियंत्याची साक्ष ती देऊ शकली असती. अशा साक्षीला जागा उरली नव्हती.

दोन निर्णय :

मार्च २०१६ मध्ये फेडरल सर्किटने इतर क्लेमबाबतचे मंडळाचे निष्कर्ष कायम ठेवले, मात्र तिसऱ्या क्लेमचा निर्णय रद्द करून प्रकरण परत पाठविले. त्याचा आधार पेटंट कायद्यापेक्षा प्रशासकीय प्रक्रिया अधिनियमात अधिक होता. ज्या वस्तुस्थितीच्या व कायद्याच्या मुद्द्यांवर निर्णय व्हावयाचा, ते मुद्दे पक्षकाराला वेळेवर कळले पाहिजेत आणि त्यांचा प्रतिवाद करण्याची संधी त्याला मिळाली पाहिजे, असे तो अधिनियम सांगतो. सुनावणीत नवा युक्तिवाद करू नये, असे पेटंट कार्यालयाचे स्वतःचेच मार्गदर्शक निर्देश होते. न्यायालयाने सरकपट्ट्या म्हणजे कॅडी नव्हेत असे म्हटले नाही. तो प्रश्न त्याने हाती घेतलाच नाही. मंडळाने तो अशा रीतीने ठरवायला नको होता, एवढेच सांगितले.

प्रकरण मंडळाकडे परत गेल्यावर दोन वाटा होत्या. ॲक्सेलेरॉनला सरकपट्ट्यांविषयी पुरावा देण्याची संधी देऊन तो मुद्दा नव्याने ऐकायचा, ही पहिली. तो मुद्दा उशिरा आला म्हणून बाजूला ठेवून उरलेल्या म्हणण्यावर निर्णय द्यायचा, ही दुसरी. मंडळाने दुसरी वाट निवडली. दार व बसविण्याची यंत्रणा यांच्या आधारे पूर्वप्रकटन सिद्ध होत नाही, असे ठरले आणि तिसरा क्लेम वाचला.

आता डेल अपिलात गेली. तिचा युक्तिवाद वजनदार होता. मंडळाने एकदा पट्ट्या पाहिल्या होत्या व त्यांवरून क्लेम अवैध आहे असे म्हटलेही होते. मग केवळ मुद्दा उशिरा आला म्हणून तोच क्लेम जिवंत ठेवणे म्हणजे अपात्र पेटंटचा बोजा जनतेवर लादणे नव्हे काय? मार्च २०१८ मध्ये न्यायालयाने हा युक्तिवाद अमान्य केला. अर्जदाराने आपले म्हणणे सुरुवातीलाच नेमकेपणाने मांडावे अशी कायद्याची अपेक्षा आहे. सुनावणीत प्रथमच आलेला मुद्दा विचारात घेणे मंडळावर बंधनकारक नाही, असे न्यायालयाने ठरविले.

डेलची बाजू निव्वळ तांत्रिक म्हणून झटकून टाकता येणार नाही. पेटंट हा दोन खासगी पक्षांतील करार नसतो. समाजातील इतर सर्वांना एका गोष्टीपासून दूर ठेवणारा तो अधिकार आहे, आणि नवे नसलेले कोणालाही राखून देऊ नये यात सर्वांचेच हित आहे. असे असले तरी मंडळाची व न्यायालयाची बाजू अधिक सबळ वाटते. 'सरकपट्ट्या म्हणजे कॅडी' हे मंडळाचे जुने मत एकतर्फी ऐकून बनले होते. ज्या मताला उत्तरच मिळालेले नाही, ते सत्याच्या कितपत जवळ आहे हे कोणालाच सांगता येत नाही. आकृतीतील पट्टी पाहणे सोपे असते. तिच्यातून वारा वाहतो की नाही हे रेषेवरून कळत नाही, आणि क्लेममध्ये अट होती ती वाऱ्याची. शिवाय असा निर्णय अर्जदाराला बांधतो, त्रयस्थांना नव्हे. योग्य वेळी, योग्य रीतीने पट्ट्यांचा मुद्दा घेऊन येण्याचा मार्ग दुसऱ्या आक्षेपकासाठी बंद झाला नव्हता.

भारतीय प्रक्रियेतील समांतर तरतुदी :

यांत्रिक सुधारणांविषयी भारतातील आधारभूत निर्णय म्हणजे 'बिश्वनाथ प्रसाद राधेश्याम विरुद्ध हिंदुस्तान मेटल इंडस्ट्रीज' हा सर्वोच्च न्यायालयाचा १९७८ चा निकाल. मिर्झापूरच्या भांडी उद्योगात लेथवर भांडे घट्ट धरून ठेवण्याच्या साधनाचा तो वाद होता. धारकात केलेला बदल हा निव्वळ कारागिराच्या कौशल्याचा भाग आहे, शोध नव्हे, असे तेथे ठरले. योगायोग असा की तेथेही प्रश्न वस्तू 'धरून ठेवणाऱ्या' साधनाचाच होता.

प्रक्रियेपुरते पाहता, मंजुरीनंतर एक वर्षाच्या आत भारतीय पेटंटला विरोध नोंदविता येतो. तीन सदस्यांचे विरोध-मंडळ शिफारस करते आणि निर्णय नियंत्रक देतात. पेटंट नियम, २००३ च्या नियम ६२ नुसार, आधी उल्लेख न केलेल्या एखाद्या प्रकाशनाचा सुनावणीत आधार घ्यावयाचा असल्यास किमान पाच दिवस आधी दुसऱ्या पक्षाला व नियंत्रकांना तपशिलासह सूचना द्यावी लागते. हा नियम उपयुक्त आहे, पण त्याचे शब्द नीट वाचले पाहिजेत. तो नव्या 'प्रकाशना'विषयी बोलतो. डेलने नवे प्रकाशन आणले नव्हते. हिप यांचेच पेटंट, त्यातलाच वीजपुरवठा, फक्त बोट दुसऱ्या भागावर. अशी वेळ भारतात आल्यास नियम ६२ च्या शब्दांत उत्तर सापडणे कठीण आहे, आणि नैसर्गिक न्यायाच्या तत्त्वाकडेच जावे लागेल. त्या तत्त्वाचा उपयोग पेटंट प्रकरणात झालेला आहे. सुनिटिनिब या कर्करोगावरील औषधाच्या पेटंटविषयी २०१२ साली सर्वोच्च न्यायालयाने विरोध-मंडळाची शिफारस पक्षकारांना देण्यात यावी असे सांगून प्रकरण नियंत्रकांकडे फेरनिर्णयासाठी परत पाठविले. तेथेही औषध नवे आहे की नाही यावर न्यायालयाने मत दिले नाही. ज्या कागदाच्या आधारे निर्णय व्हावयाचा, तो कागद संबंधितांच्या हाती आधी पडला पाहिजे, एवढ्यावरच ते प्रकरण मागे फिरले.